पहिल्या वर्षाचा बिझनेस फेस्ट आणि आईच्या फॉल-पिकोचा हिशेब

प्रश्न : आदरणीय ताई, मी कळव्याला राहते आणि ठाण्यातल्या एका महाविद्यालयात बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकते. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. आमच्या विभागात दरवर्षी फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी बिझनेस फेस्ट असतो. सीनियर आयोजन करतात आणि स्पर्धक सगळे आम्हीच असतो. बिझनेस प्लॅन, मॉक स्टॉक, ॲड-मॅड असे इव्हेंट आहेत. आमच्या चौघांच्या गटाने बिझनेस प्लॅनसाठी नाव दिले आहे. माझी आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. विषय शोधताना मी ते सहज बोलून गेले आणि इतर तिघांनी ते लगेच उचलले. पण त्यांना त्याचे ॲप काढायचे आहे. ग्राहकाने ॲपवर नोंद करायची, मुलगा घरी येऊन साडी नेणार आणि दोन दिवसांत परत आणून देणार. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आईचे काम सगळ्या वर्गासमोर मांडायचे म्हणून मन थोडे कचरतेही. माझे इंग्रजी कच्चे आहे. एक सीनियर गेल्या वर्षीचे बक्षीस मिळालेले प्रेझेंटेशन २,००० रुपयांत नावे बदलून द्यायला तयार आहे आणि गटातल्या एकाला ते घ्यावेसे वाटते. मॉक स्टॉकमध्येही माझे नाव घातले आहे, त्यातले मला काही कळत नाही. फेस्टला तीन आठवडे उरले आहेत आणि नंतर लगेच इंटर्नल परीक्षा आहेत, म्हणून बाबा नको म्हणत आहेत. मी भाग घेऊ का? आणि बक्षीस मिळालेच, तर त्यात आईचा वाटा असावा का?
– एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : भाग घे. मोठ्या आंतरमहाविद्यालयीन फेस्टमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा नोंदणीच्या टेबलावर बसणे, परीक्षकांना पाणी नेऊन देणे आणि प्रमाणपत्रांवर नावे लिहिणे एवढेच काम येते. मंचावर असतात ते तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, ज्यांनी अशा दहा ठिकाणी बोलून आपली भीड आधीच मोडलेली असते. तुमच्या फेस्टमध्ये समोरचा प्रत्येक स्पर्धक गेल्या वर्षी बारावीला होता, आणि सगळ्यांची पाटी सारखीच कोरी असण्याची ही संधी पदवीच्या तीन-चार वर्षांत पुन्हा मिळत नाही. बाबांचा विरोध फेस्टला नसून वेळ वाया जाण्याला आहे, असे तुझ्या पत्रावरून वाटते. त्यांच्यासमोर तीन आठवड्यांचे वेळापत्रक कागदावर मांड: आठवड्यातून तीन संध्याकाळी गटाचे काम, रविवार आईबरोबर माहिती गोळा करण्यासाठी आणि उरलेले दिवस अभ्यासाचे. सरावासाठी तासिका बुडवायची वेळ आली, तर ७५ टक्के हजेरीचा नियम ध्यानात ठेव. फेस्टसाठी सूट मिळेल, हे सीनियरांचे तोंडी आश्वासन ग्राह्य धरू नकोस, विभागप्रमुखांकडून खात्री करून घे.

आता ॲपकडे वळू. तुला जे पटत नाही ते बरोबर आहे, आणि त्याचे कारण आईच्या कामाचा हिशेब मांडला की आपोआप दिसेल. मी खाली जे आकडे घेते आहे ते केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. तू त्यांच्या जागी आईचे खरे आकडे घाल.

समजा, फॉलसह फॉल-पिकोचे आई १३० रुपये घेते. फॉलची पट्टी ३० रुपयांना पडते, दोरा आणि वीज मिळून ५ रुपये. म्हणजे एका साडीमागे आईच्या हातात ९५ रुपये उरतात. आता वेळ मोज, आणि तो आईला विचारून मोजू नकोस. तिच्या शेजारी बसून घड्याळ लावून मोज. नवा फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ चुरगळून वर ओढला जातो. मग साडीच्या रंगाशी मिळतीजुळती पट्टी निवडायची, तिच्या कडा दुमडून घ्यायच्या, मशीनवर साडीच्या टोकांना पिको करायचा आणि त्यानंतर फॉल हाताने असा टाचायचा की साडीच्या उजव्या बाजूने टाका दिसता कामा नये. मशीनचे काम १५ मिनिटांत आटोपते, हातशिलाईला मात्र ४५ मिनिटे तरी जातात. घरचे सगळे आवरून आईला दिवसाला पाच तास मिळत असतील, तर तिच्या हातून पाच साड्या होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर १२५ साड्या आणि ११,८७५ रुपये. आईच्या धंद्याची आजची मर्यादा ही एवढी आहे.

या चित्रात ॲप घालून बघ. साडी घरून आणायची एक फेरी आणि परत पोहोचवायची दुसरी, प्रत्येकी ३० रुपये धरले तरी एका साडीमागे ६० रुपये गेले आणि ९५ चे ३५ उरले. हा खर्च ग्राहकावर टाकला, तर १३० चे १९० होतात, आणि जी बाई आज जाता-येता तुमच्या घरी साडी टाकून जाते ती ६० रुपये जास्त का देईल, याचे उत्तर तुमच्याकडे हवे. पण खरी अडचण याहून खोल आहे. ॲप ग्राहक वाढवते. तुझ्या आईला आज ग्राहकांची वानवा आहे की हातांची? लग्नसराईत ती साड्या परत पाठवत असेल, ‘आठ दिवस लागतील’ असे सांगत असेल, तर तिच्या धंद्याला कमी आहे ती ४५ मिनिटांच्या हातशिलाईची. ज्या ठिकाणी काम तुंबते ती जागा मोकळी केल्याशिवाय दारात आणखी काम आणून ठेवण्यात अर्थ नसतो. तुझ्या मनात जे होते ते हेच असावे.

मग हात कसे वाढवायचे, हा तुमच्या प्लॅनचा गाभा होऊ शकतो. श्री महिला गृह उद्योग, म्हणजे लिज्जत पापड, १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला, ही गोष्ट तू शाळेत ऐकली असशील आणि बरेचसे गट ती पहिल्या स्लाइडवर स्फूर्तीसाठी टाकतात. तुम्ही तिच्याकडे कामाची विभागणी म्हणून पाहा. पीठ मळण्याचे काम एका जागी होते, त्यामुळे चव आणि दर्जा सारखा राहतो. लाटण्याचे काम, ज्याला सर्वांत जास्त हात लागतात, ते बायका घरी नेतात, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड आणून देतात आणि कामाच्या मापाने मजुरी घेतात. आईच्या धंद्यात मशीन आणि तपासणी आईकडे ठेवली आणि हातशिलाई शेजारच्या तिघींकडे दिली, तर तीच रचना होते.

समजा, हातशिलाईचे साडीमागे ५० रुपये त्या बाईला दिले. आईकडे ९५ चे ४५ उरतील, पण तिचा वेळ पिकोची १५ आणि तपासणीची ५ अशी २० मिनिटेच जाईल, म्हणजे त्याच पाच तासांत १५ साड्या निघतील. १५ गुणिले ४५ म्हणजे दिवसाला ६७५ रुपये. आज तिला ४७५ मिळतात. आता यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा काढ. ४७५ ला ४५ ने भाग दिला की साडेदहाच्या वर उत्तर येते, म्हणजे दिवसाला किमान ११ साड्या आल्या तरच नव्या पद्धतीत आईचा फायदा आहे. दहाच आल्या तर ती आजच्यापेक्षा कमी कमावेल आणि वर तिघींची जबाबदारी अंगावर घेईल. हातशिलाईचा दर ६० केला तर हीच किमान संख्या १४ होते. परीक्षकांसमोर ‘आमचा नफा वाढेल’ असे म्हणणारे गट पुष्कळ असतात. ‘११ साड्यांच्या खाली आमचा प्लॅन चालत नाही’ असे स्वतःहून सांगणारा गट क्वचित भेटतो, आणि परीक्षक म्हणून बसणारी व्यक्ती तिथे हातातले पेन खाली ठेवून ऐकू लागते.

दर ५० ठेवायचा की ६०, हा प्रश्न मात्र केवळ तुमच्या नफ्याचा मानू नका. दिवसाच्या १५ साड्या तिघींत वाटल्या तर प्रत्येकीला पाच मिळतात, पावणेचार तासांचे २५० रुपये. ते पुरेसे आहेत का, हे त्या बायकांना विचारल्याशिवाय स्लाइडवर लिहू नका. त्या नको म्हणाल्या तर तेही उत्तरच आहे.

दिवसाला १५ साड्या येणार कुठून, हा पुढचा प्रश्न. तुझ्या मित्रांची घरपोच सेवेची कल्पना इथे उपयोगी पडते, त्यामुळे ती पूर्ण टाकून देऊ नकोस. एकेका साडीसाठी दोन फेऱ्या परवडत नाहीत. पण खारेगाव किंवा मनीषा नगरमधल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत आठवड्याचा एक वार ठरवून, त्या दिवशी मागच्या आठवड्याच्या साड्या द्यायच्या आणि नव्या घ्यायच्या, असे केले तर एकाच फेरीत १२ साड्या हाताळल्या जातात आणि साडीमागे खर्च जेमतेम पाच रुपयांवर येतो. नोंदीसाठी सोसायटीच्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरेसा आहे. साडीच्या घडीला चिठ्ठी टाचायची, तिच्यावर नाव, सदनिका क्रमांक आणि दिलेली तारीख, आणि साडी घेतानाच ग्राहकासमोर तिचा फोटो काढायचा, कारण दहा हजारांच्या पैठणीवर आधीचा डाग होता की नव्हता यावरून वाद झाला तर तो या धंद्यात एका दिवसाची नव्हे, कित्येक दिवसांची कमाई घेऊन जातो. एवढी बारीक गोष्ट तुमच्या प्लॅनमध्ये असेल, तर तुम्ही काम जवळून पाहिले आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुकानांकडून काम घेण्याचा पर्याय कोणीतरी सुचवेलच. गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर साडी घेतली की दुकानदार फॉल-पिको करून देतो, आणि ते काम तो बाहेर कोणाकडे तरी पाठवतो. तिथे काम मुबलक असते, पण दर कमी. समजा, दुकान १३० ऐवजी १०० देणार असेल, तर ३५ रुपये साहित्याचे आणि ५० शिलाईचे वजा जाता आईकडे १५ रुपये राहतात. शिवाय पैसे महिन्याने येणार असतील, तर तोवर तिघींची मजुरी आईने कुठून द्यायची? वहीत नफा दिसतो आणि हातात पैसा नसतो, ही अवस्था छोट्या धंद्याला तोट्यापेक्षा लवकर बसवते. पहिल्या सत्रात अकाउंट्समध्ये तुम्ही जे शिकलात ते इथे कामाला येते. दुकानाचा पर्याय तपासून पाहिला आणि या कारणाने सोडला, असे सांगणे हा प्लॅनचाच भाग आहे. त्यासाठी दोन दुकानदारांशी मात्र खरोखर बोलून या.

वर्षभर सारखे काम धरू नका. गौरी-गणपती, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई हे भरतीचे काळ. पितृपक्षात नवी साडी घेणारे थोडेच. आईने गेल्या वर्षीची वही ठेवली असेल तर उत्तम, नसेल तर तिच्या फोनवरच्या यूपीआयच्या नोंदी महिनावार मांड, त्यात रोखीचा अंदाज घाल, आणि बारा महिन्यांचा तक्ता कर. वर्गमित्रांना ऑनलाइन फॉर्म पाठवून ‘८० टक्के लोकांना आमची सेवा आवडेल’ असा वर्तुळाचा आलेख काढण्यापेक्षा, साडी नेसणाऱ्या वीस बायकांना शेवटचा फॉल-पिको कुठे केला, किती दिले आणि किती दिवस लागले हे तीन प्रश्न विचारणे फार मोलाचे आहे. पुढे काय कराल, असे विचारले की माणूस बरे वाटेल ते सांगतो. मागे काय केले, असे विचारले की खरे सांगतो.

भांडवलाचा प्रश्न हमखास येतो आणि तिथे बहुतेक गट गडबडून काही लाखांचा आकडा फेकतात. तुम्हाला लाखो नको आहेत. उल्हासनगरच्या बाजारातून फॉल घाऊक आणले आणि पट्टी ३० ऐवजी २० रुपयांना पडली, तर आईकडे साडीमागे ४५ ऐवजी ५५ राहतात आणि ११ साड्यांची किमान संख्या ९ वर येते. वेगवेगळ्या रंगांच्या ३०० पट्ट्या म्हणजे ६,००० रुपये, आणि तुमची गरज साधारण एवढीच आहे. कर्जाचे विचारले तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, हे माहीत असू दे. जीएसटीचे विचारले तर हिशेब करून सांगा: वर्षभर, महिन्याचे २५ दिवस, रोज १५ साड्या धरल्या तरी उलाढाल ५ लाख ८५ हजार होते, आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे.

गटातल्या तिघांना हे पटवायचे कसे, याची तुला धास्ती वाटत असेल. त्यांना ‘ॲप चालणार नाही’ असे म्हणू नकोस. एका कागदावर दोन रकाने आख, एकीकडे ॲप आणि दुसरीकडे शेजारच्या तिघी, आणि चौघांनी मिळून दोन्ही हिशेब पूर्ण करा. एखाद्याला ॲपच्या बाजूने आणखी काही सुचले, तर तेही आकड्यांत मांडू दे. हिशेब तुझा राहिला नाही, चौघांचा झाला की वाद बहुधा संपतो. ज्याला ॲपची हौस आहे त्याच्याकडे सोसायटीतल्या साड्या गोळा करण्याची आणि नोंदींची पद्धत सोपव. त्याचे डोके तिथेच चालते आहे.

आता आईबद्दल. पत्रात तू लिहिलेस की तिचे काम वर्गासमोर मांडायला मन कचरते. त्या कचरण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत असे मला वाटते, आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. सोबतच्या मुलांचे आई-वडील कार्यालयात नोकरी करतात आणि माझी आई फॉल टाचते, अशी लाज त्यात असेल, तर ती कोणी समजावून जाणार नाही. पण वर लिहिलेला हिशेब स्वतः करशील तेव्हा घरात बसून ही बाई वेळ, दर, उधारी आणि दर्जा यांचा किती काटेकोर ताळमेळ रोज घालते, हे तुला दिसेल, आणि त्यानंतर तुझ्या बोलण्याचा सूर आपसूक बदलेल. दुसरी गोष्ट मात्र खरोखर जपण्याजोगी आहे. आई महिन्याला किती कमावते हे शंभर-दीडशे अनोळखी मुलांसमोर पडद्यावर दाखवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. तुझा नाही, आणि गटाचा तर नाहीच. तिला सगळे नीट समजावून विचार. ती नको म्हणाली तर ‘कळव्यातील एक गृहउद्योग’ एवढेच म्हणा आणि आकडे ढोबळ करा. तिचा फोटोही विचारल्याशिवाय लावू नका.

आणखी एक, यावर मी ठाम आहे. तुझ्या गटातले कोणी म्हणेल की सुरुवातीला आईच्या कष्टांबद्दल दोन हळवी वाक्ये बोल, परीक्षक विरघळतील. ते करू नकोस. आईचे काम हा धंदा आहे आणि धंदा म्हणूनच त्याची तपासणी व्हावी. तिच्या कष्टांवर मिळालेल्या टाळ्या तिला घरी येऊन सांगता येतील का, एवढे स्वतःला विचारलेस तरी पुरे.

इंग्रजीची चिंता मी हलकी मानत नाही, कारण मराठी माध्यमातून आलेल्या कित्येक हुशार मुली पहिल्या वर्षी याच कारणाने मागच्या बाकावर जाऊन बसतात. नियमावली वाच, मराठी किंवा हिंदीत बोलायला मनाई आहे का, हे आयोजकांना लेखी विचार. मनाई नसेल तर स्लाइड इंग्रजीत ठेवा आणि तू तुझा भाग मराठीत मांड. इंग्रजी सक्तीचे असेल, तर गटात ज्याचे इंग्रजी सफाईदार आहे त्याने मांडणी करावी आणि आकड्यांवरचे प्रश्न तू घ्यावेस, कारण हिशेब तुझ्याइतका कोणालाच ठाऊक नसेल. पाठ केलेले भाषण मध्ये कुठे तुटले की माणूस गप्प होतो. आकड्यांचे तसे नसते. ‘वन साडी, ट्वेंटी मिनिट्स, फॉर्टी-फाइव्ह रुपीज’ हे व्याकरणात न बसणारे उत्तरसुद्धा पूर्ण आणि अचूक उत्तर आहे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, असे म्हणण्यात कमीपणा नाही. घरी सराव करताना आईला परीक्षक म्हणून समोर बसव आणि तिला मराठीत वाटेल ते विचारू दे. ती विचारील ते प्रश्न महाविद्यालयातले परीक्षक विचारतील त्याहून अवघड असतील.

त्या सीनियरचे प्रेझेंटेशन घेऊ नका. ते अप्रामाणिकपणाचे आहे हे तुलाही कळते, म्हणून तर तू ते पत्रात लिहिलेस. व्यवहाराच्या बाजूनेही ते वाईट आहे: बिझनेस प्लॅनचा निकाल मांडणीत लागत नाही, त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत लागतो, आणि दुसऱ्याच्या आकड्यांवर दुसरा प्रश्न आला की विकत घेणाऱ्याकडे बोलायला काही उरत नाही. गेल्या वर्षी जिंकलेले प्रेझेंटेशन त्याच विभागातल्या शिक्षकांनी पाहिलेले असते, हेही त्या मित्राच्या कानावर घाल. २,००० रुपये म्हणजे तुमच्या हिशेबात १०० घाऊक फॉल होतात. एआयच्या साधनांकडून इंग्रजी वाक्ये सुधारून घ्यायला माझी हरकत नाही, आयोजकांची आहे का ते पाहा. पण आकडे त्या साधनांकडून घेऊ नका.

मॉक स्टॉकबद्दल थोडक्यात. त्यात प्रत्येक गटाला खोटे पैसे देतात, पडद्यावर बातम्या येतात आणि त्यानुसार भाव हलतात. कच्चे तेल महागले की रंग, टायर आणि विमान कंपन्यांचा खर्च वाढतो. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, कमी केला की घर आणि वाहन कर्जांशी निगडित कंपन्यांना बळ मिळते. असे पाच-सहा संबंध समजून घेतलेस तर गोंधळ बराच कमी होईल. दोघांनी बातम्या ऐकाव्यात, एकाने फक्त व्यवहारांची वही सांभाळावी. या इव्हेंटमध्ये हरलीस तरी काही बिघडत नाही. माझी काळजी जिंकणाऱ्यांबद्दल आहे, कारण दोन तासांत खोट्या एका लाखाचे दीड लाख केलेली मुले अठरा वर्षे पूर्ण होताच डीमॅट खाते उघडून फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावांवरच्या जोखमीच्या सौद्यांत, उतरतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाल्याचे आढळले. तुझ्या गटात कोणाला ही हौस लागली, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेव.

खर्चाचे तू काही लिहिले नाहीस, तरी सांगते. नोंदणी शुल्क, गटाचे टी-शर्ट, छपाई, सरावाच्या दिवसांचे खाणे असे करत रक्कम वाढत जाते आणि ज्याच्या घरी पैसा मोजून येतो त्याला ‘मला परवडत नाही’ हे तोंडाने म्हणता येत नाही. पहिल्याच बैठकीत चौघांनी मिळून कमाल रक्कम ठरवा. टी-शर्ट सक्तीचे नसतील तर घेऊ नका.

बक्षिसाचा प्रश्न तू आधीच विचारलास हे चांगले केलेस, कारण निकालानंतर तो फार अवघड होतो. माझे मत असे: स्पर्धेची मेहनत चौघांची आहे, म्हणून रक्कम चौघांत समान वाटली जावी, पण आईने आणि त्या तिघींनी तुम्हाला दिलेले तास ही मेहेरबानी समजू नये, आणि त्यांच्यासाठी बक्षिसातून काही भाग आधी बाजूला काढण्याचे चौघांनी आताच ठरवून लिहून ठेवावे. त्याच कागदावर दुसरी ओळ घाला की फेस्टनंतर गटातल्या कोणालाही हा प्लॅन प्रत्यक्ष सुरू करायचा असेल, तर तो आधी तुझ्या आईशी बोलेल. आईला स्वतःलाच तो सुरू करावासा वाटला, तर मात्र तिला कोणालाही विचारायची गरज नाही. तिला फक्त तुमचा बारा महिन्यांचा तक्ता मराठीत करून दे.